म्हातारीचं दुसरं इंजिन

सोमवार, ३

ही डायरी टायरच्या दुकानदाराने फुकट दिली होती. पहिल्या पानावर टायरला टेकून एक बाई हसत उभी आहे. टायरला टेकून हसण्यासारखं काय असतं ते तिचं तिला माहीत. बाकी डायरी कोरीच पडून होती. आजपासून लिहायला घेतो, कारण बोलायला माणूस उरलेला नाही. हल्ली सगळ्यांना तोंडातल्या तोंडात बोलायची खोड लागली आहे. बायको पुटपुटते, तिचा भाऊ पुटपुटतो, टीव्हीवरचा बातम्यावाला तर पगार घेऊन पुटपुटतो. त्याचा आवाज जरा वाढवला की बायको उठून खिडक्या लावून घेते.

आज म्हातारी मेली. म्हातारी म्हणजे माझा ट्रक. माझी आई बहिणीकडे ठणठणीत आहे, फक्त फोनवर तीही पुटपुटते.

पाठीवर एका कुटुंबाचं अख्खं घर होतं. कपाटं, पलंग, शिलाईचं मशीन आणि आजोबांची आरामखुर्ची. निम्म्या चढावर मागून निळा धूर सुटला आणि म्हातारीने मान टाकली. गेलं वर्षभर ती डिझेलपेक्षा ऑइल जास्त पीत होती, मीच लाड केले. आजोबा खाली उतरले, आपली खुर्ची काढून घेतली आणि रस्त्याच्या कडेला मांडून बसले. त्या सगळ्या गर्दीत डोकं ठिकाणावर असलेला तो एकच माणूस.

मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, मेकॅनिक आहे. त्याने वरून उघडलं, आत बोट फिरवलं आणि निकाल दिला. पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडरची आतली भिंत झिजली. वरचं अंग दुरुस्त करायला जावं तर नाकापेक्षा मोती जड. "भंगारातून दुसरं इंजिन आणू, भाऊजी. याच जातीचं मिळेल."

मिळालंच पाहिजे. पुढच्या एक तारखेपासून खुर्च्यांच्या कारखान्याचं वर्षाचं काम माझं आहे. मालकाने बजावून सांगितलंय, त्या दिवशी सकाळी गाडी फाटकात दिसली नाही तर काम झुरळाला. झुरळ म्हणजे एक टेम्पोवाला. दिसेल त्या फटीत घुसतो. त्याच्या हाताखाली या वयात नोकरी करण्यापेक्षा मी आजोबांशेजारी खुर्ची टाकून बसेन.

बुधवार, ५

भंगारवाल्याला सगळे बोका म्हणतात. मिश्या तशाच आणि चालही तशीच. त्याच्या अंगणात आमच्या जातीची तीन इंजिनं होती. तिन्ही त्याने लाकडी घोडीवर चढवून, डब्यातून डिझेल पाजून, एकेक करून चालू करून दाखवली.

मेव्हण्याने खिशातून नाना आयुधं काढली. झाकण उघडून वास घेतला, ऑइल बोटावर चोळलं, प्रेशर मोजायचं घड्याळ लावायला निघाला. मी म्हटलं, ठेव ते खिशात. मी उभं आयुष्य इंजिन कानाने ओळखत आलोय. नुसत्या आवाजावरून कुठल्या पिस्टनला सर्दी झालीय ते सांगितलंय. लोक लांबून गाड्या घेऊन यायचे मला ऐकवायला.

पहिलं इंजिन खरखरत होतं. दुसरं धापा टाकत होतं. तिसरं मात्र लोणी. इतकं शांत की चालू आहे की नाही ते हात ठेवून बघावं लागलं. म्हटलं, हेच.

बोका माझ्याकडे बघतच राहिला. मग इतक्या घाईने "घ्या" म्हणाला की मला वाटलं भाव कमीच सांगून फसला बिचारा. त्याचं कुत्रं मात्र मागच्या पायांत शेपूट घालून पत्र्यामागे जाऊन बसलं होतं. बायकोने कानांवर पदर दाबला होता. तिला धुराने शिंका येतात. मेव्हणा काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, तेवढ्यात बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. मी पाहिलं. बहीण-भावाचं काहीतरी शिजतंय. त्याला दुसऱ्या इंजिनात बोक्याकडून काही सुटणार असेल, दुसरं काय.

शनिवार, ८

जुनं इंजिन उतरवलं. पुढची जाळी काढली, रेडिएटर काढला आणि छपराच्या तुळईला चेन-पुली टांगून म्हातारीचं काळीज बाहेर ओढलं. मी हळवा माणूस नाही. पण पुढून रिकामी झालेली ती पाहिली तेव्हा गलबलून आलं. कवळी काढून ठेवलेल्या माणसासारखी दिसत होती.

इंजिन अंगणात टेकवून पाच मिनिटं होत नाहीत तोच बायकोने त्याच्यावर पायपुसणी वाळत घातली.

तिच्याबद्दल लिहायचं राहिलंच. माझा क्लीनर मध्यंतरी काम सोडून गेला. म्हणाला, घसा बसलाय. शेजारी बसून घोरणाऱ्याचा घसा कसा बसतो? तेव्हापासून बायको गाडीवर येते. "घरी बसून कंटाळा येतो, तेवढीच हवा खाते," म्हणाली. हवा खाते म्हणजे माझ्या बरगड्यांत कोपर खुपसते. आपण आपले सरळ जात असतो, एकदम कोपर. दचकून बाजूला घेतो, तर मागून एखादी गाडी सुसाट पुढे जाते. हल्ली कोणाला हॉर्न द्यायची रीतच राहिलेली नाही.

बाकी वेळ ती खिडकीबाहेर बघत ओठ हलवत बसते. देवाचं नाव घेत असावी. माझं ड्रायव्हिंग बघून घेतेय असं कोणी म्हणू नये.

आणि थापा. गाडी मागे घेताना क्लीनर पत्र्यावर थाप मारतो, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. धंद्यातली पद्धत आहे. पण ही बाई आता घरातही तेच करते. जेवण वाढलं की टेबलावर दोन थापा. मी कुठे चुकत असेन तर भिंतीवर एक. नवरा आहे की ट्रेलर, समजत नाही.

सोमवार, १०

इंजिन आलं. त्याला चासीवर बसवायचे लोखंडी पाय म्हातारीच्या पायांना जुळत नाहीत, बोटभर फरक आहे. मेव्हणा कापून जोडतो म्हणाला. शिवाय म्हणाला, खालचं चेंबर उघडून एकदा आत बघू. मी नाही म्हटलं. ऐकून घेतलेल्या इंजिनाचं पोट फाडायचं म्हणजे माझ्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. आधीच दिवस उडून चाललेत.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद पडून बरेच महिने झाले. काटे फिरतात, वेळ बरोबर दाखवतं, पण टिकटिक नाही. सेल बदलून झाला. आज पुन्हा बदलला. बायको म्हणाली, राहू द्या. असले तकलादू माल विकणाऱ्यांना उलटं टांगलं पाहिजे.

बुधवार, १२

आज भांडण झालं, आणि चूक मेव्हण्याची होती.

इंजिन साखळीवर टांगून आत घ्यायचं काम चाललं होतं. साखळी माझ्या हातात. मेव्हणा खाली वाकून बोटांनी पाय जुळवत होता. मी हळूहळू सोडत होतो, नजर वर पुलीवर, बूड मडगार्डला टेकलेलं. एकदम बुडाला हादरा बसला. बायकोने मडगार्डवर थाप मारली होती. एकच, पण अशी की पत्र्याला पोचा आला. हात आपोआप थांबले.

खाली पाहिलं तर मेव्हणा पांढराफटक. त्याची बोटं इंजिन आणि चासीच्या मधे, वर कागद सरकेल एवढीच जागा.

बोटं सुटली तशी त्याला वाचा फुटली. आज पहिल्यांदा तो न पुटपुटता बोलला. "किती हाका मारल्या, भाऊजी! थांबा, थांबा म्हणून गळा फाडला!"

"गळा फाडला? उंदराएवढा आवाज काढतोस आणि वर मलाच सांगतोस? मी काय बहिरा आहे?"

बहिणीने भावाकडे पाहिलं, भावाने पान्याकडे. बायको आत जाऊन चहा ठेवते म्हणाली आणि चहा काही आलाच नाही. मी नंतर स्वयंपाकघरात गेलो तर ती ओट्याला धरून उभी होती, गॅस पेटवलेलाच नव्हता. एवढंसं काही झालं की हिची ही तऱ्हा. भावाच्या बोटांना काही झालंय का? नाही ना?

तरी आज जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १४

म्हातारी चालू झाली! पहिल्या फटक्यात!

काय सांगू, आवाज म्हणून नाही. रेशीम. मी अंगणात उभा राहून सगळ्यांना म्हटलं, बघा, याला म्हणतात पारख. समोरच्या शिकवणीच्या बाई गॅलरीत आल्या, माझ्याकडे बघून दोन्ही हात हलवले. मीही हलवले. मग त्यांनी दारं-खिडक्या धाडकन लावून घेतल्या. पलीकडच्या घरातलं तान्हं पोर तोंड आ करून बघत होतं. बहुतेक जांभई असावी.

मेव्हण्याचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. म्हणाला, उद्या येतो, एक गोष्ट दाखवायची आहे. त्याची बोटं वाचली, इंजिन लागलं, कारखाना वाचला, आता आणखी काय दाखवणार?

शनिवार, १५

मेव्हण्याने हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर आणला. ही युक्ती त्याला मीच शिकवली होती, तो माझ्या हाताखाली पाने धुवायचा तेव्हा. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. आतला आवाज हाडातून थेट डोक्यात येतो. मला कधी गरज लागली नाही, म्हणून मी सोडून दिली.

"एकदा ऐका, भाऊजी. माझ्यासाठी."

त्याची समजूत घालायची म्हणून लावला.

आत कोणीतरी हातोडा मारत होतं. ठक, ठक, ठक, ठक. खालचं बेअरिंग. शेंबड्या पोरालाही कळेल असं वाजत होतं. एवढं खराब बेअरिंग मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

स्क्रू ड्रायव्हर काढला. रेशीम.

परत लावला. हातोडा.

मी म्हटलं, हा स्क्रू ड्रायव्हर बिघडलाय. असं मी खरंच म्हणालो. मेव्हणा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, एक ठेवून दिली असती.

तो गेल्यावर मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरात आलो. टोक घड्याळावर टेकवलं. टिक, टिक, टिक. व्यवस्थित चाललं होतं लेकाचं. मग टेबलाला लावला. पलीकडे बायको भाजी चिरत होती. सुरी लाकडावर पडत होती, त्याचा आवाज आला. किती दिवसांनी आला ते मला सांगता येत नाही. मी तसाच उभा राहिलो, डोक्याला दांडा लावून. तिने मान वर करून पाहिलं, आणि सुरी खाली ठेवली.

रविवार, १६

काही लिहायचं नाही.

मंगळवार, १८

काल झुरळाला निरोप पाठवायला निघालो होतो की गाडी घे आणि कामही घे. बायको दारात आडवी उभी राहिली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

तिने टीव्ही बंद केला, माझ्या समोर आली आणि तोंड नीट दिसेल असं बोलली. "क्लीनर गेला तेव्हापासून. जाताना मला सांगून गेला. म्हणाला, वहिनी, मागची गाडी हॉर्न मारून थकते, साहेबांना पत्ता नसतो. मी ओरडून ओरडून मरायचा एखाद्या दिवशी."

"आणि तू हवा खायला यायला लागलीस."

"हो."

"आणि बोक्याकडे? ते ठोकतंय हे सगळ्या भंगाराला ऐकू येत होतं. भावाचं तोंड का बंद केलंस?"

"त्या बोक्यासमोर तुम्हाला कोणी बहिरा म्हटलेलं मला चाललं नसतं." मग तिचा आवाज चढला, तो मला जवळून चांगला ऐकू आला. "चुकलंच माझं! इंजिन बदलून घेता येतं, म्हटलं. भावाची बोटं जाता जाता राहिली तेव्हा कळलं."

मी म्हटलं, ड्रायव्हरचे कान गेले की ड्रायव्हर गेला. ज्याच्या कानावर लोक गाड्या विकत घ्यायचे त्याला कुत्र्याला कळलं ते कळलं नाही. मला तेव्हा रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण ही डायरी कोण वाचतंय? टायरवाली बाई?

बायकोने रडू दिलं. मग म्हणाली, "म्हातारी चढावर थांबली तेव्हा तिला टाकून दिलीत का? तिच्यासाठी एवढं भंगार धुंडाळलंत. स्वतःसाठी एका डॉक्टरकडे जाता येत नाही?"

मी पायातली चप्पल परत काढली. निदान आता तिचा प्रश्न तरी ऐकू आला होता.

गुरुवार, २०

कानाचा डॉक्टर. चष्मा लावलेला, नीटनेटका, हात गार. त्याने एक चिमट्यासारखं दुबेळकं लोखंडी हत्यार टेबलावर आपटलं आणि त्याची दांडी माझ्या कानामागच्या हाडावर टेकवली. घणघण वाजलं. मग कानासमोर हवेत धरलं. गप्प.

मी म्हटलं, "डॉक्टर, हे आम्ही हातभर लांबीचं वापरतो."

त्याला काही कळलं नाही, बायकोला कळलं, ती इतकी हसली की बाहेरची बाई आत डोकावली. डॉक्टर म्हणाला, कानाच्या आत बारीक हाडं असतात, त्यातलं एक जाम झालंय. दोन्हीकडे. आतली मूळ शीर चांगली आहे. मी म्हटलं, जाम झालंय तर थेंबभर ऑइल सोडून बघा. म्हणाला, ऑपरेशन करता येतं, ते सावकाश ठरवू. तोपर्यंत मशीन लावा. मशीन लावून गाडी चालवायला हरकत नाही, तसा कागदही देतो.

मशीन म्हणजे कानामागे लटकवायचा चिंचोका. मी म्हटलं, हे लावून चारचौघांत जाणार नाही. डॉक्टर म्हणाला, बरेच जण आधी असंच म्हणतात. मला हा माणूस आवडला नाही.

सोमवार, २४

मेव्हण्याकडे गेलो. त्याच्या हातात पाना दिला आणि म्हटलं, फाड पोट. माफी वगैरे मागायची आमच्यात पद्धत नाही. त्याने पाना घेतला, म्हणजे झालं.

भंगारातल्या इंजिनाचं वरचं अंग उत्तम निघालं, भिंती आरशासारख्या. खालून मात्र बेअरिंगचा भुगा आणि क्रँकवर, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्यावर, चरे. मेव्हणा डोकं खाजवत बसला. मी अंगणात गेलो आणि जुन्या इंजिनावरची पायपुसणी उचलली. म्हातारीचं वरचं अंग गेलं होतं, पण क्रँकला मी कधी ऑइल कमी पडू दिलं नव्हतं. उघडलं तर तो गुळगुळीत, बोट सरकावं असा. जात एकच, माप एकच. तिचा क्रँक याच्यात घालायचा.

"भाऊजी, हे आधीच सुचलं असतं तर!"

"आधी चेंबर उघडू दिलं असतं तर," मी म्हटलं. त्याने भुवया वर केल्या, पण पुढे ताणलं नाही. पोरगं मोठं झालंय.

शनिवार, २९

चालू झाली. मी स्क्रू ड्रायव्हर लावून सगळीकडून ऐकलं. हातोडा गेला. मेव्हणा पाठीवर थाप मारून गेला. एकच. मी म्हटलं, अरे, एक म्हणजे थांब.

मशीनही आलं. घरी लावून पाहिलं आणि पाच मिनिटांत काढलं. ताटं, नळ, चपला, सगळं अंगावर येतं. माझं स्वतःचं चावणंसुद्धा मला ऐकू येतं, असं चावत असेन तर बायको इतकी वर्षं माझ्याबरोबर जेवली कशी? तिला म्हटलं, नाही जमत, बघू पुढे. तिने "बरं" म्हटलं आणि पाठ फिरवली.

सोमवार, १

सकाळी ती केस विंचरत होती तेव्हा मी मशीन लावलं आणि वरून टोपी घातली. सांगितलं नाही. नाही जमलं तर गुपचूप खिशात घालता येईल, एवढाच हेतू.

म्हातारीचा आवाज ऐकून आधी घाबरलो. मग कळलं, ट्रक असाच असतो.

बायको शेजारी खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होती. देवाचं नाव घेत नव्हती. चौकात झुरळ आडवा घुसला, तशी ही शांतपणे, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणाली, "जा, मुडद्या, जा. तुझ्या बापाने विकत घेतलाय ना रस्ता." मग सायकलवाल्याचा उद्धार, मग पुढच्या बसचा, मग बस बनवणाऱ्याचा. इतकी वर्षं ट्रक चालवतोय, यातल्या दोन शिव्या मला माहीत नव्हत्या. मी समोर बघत राहिलो. हसू दाबताना गिअर चुकला.

"घाल, घाल नीट, बैला," ती म्हणाली.

चारचौघांत आणि घरातही मला अहोजाहो करणारी बाई.

पुढे उतार लागला, तशी तिची बडबड सावकाश झाली. "आता सांभाळ हं. मागे कोणी नाही. सकाळी धड खाल्लं नाहीस, तोंड कसं एवढंसं झालंय. एवढं काम टिकू दे, मग तू म्हणशील तसं करू." हे सगळं खिडकीच्या काचेला. मला ऐकू जाणार नाही याची पूर्ण खात्री असलेलं. रोज हेच बोलत आली असणार, आणि मी डायरीत लिहितो की बोलायला माणूस नाही. मला समोरचा रस्ता थोडा वेळ नीट दिसेना.

कारखान्याच्या फाटकात मालक घड्याळ बघत उभा होता. झुरळही आला होता, टेम्पोला टेकून, वाट बघत. खुर्च्या भरायच्या ओट्याला गाडी मागे लावायची होती, दोन्ही बाजूंना भिंत. बायको खाली उतरून मागे गेली. आरशात तिचा पदर खोचलेला दिसत होता, आणि तिचा आवाज येत होता, हळू, स्वतःशीच. "ये. ये. डावीकडे जागा आहे. ये रे राजा. थोडं अजून."

एक थाप पडली तशी मी थांबलो, तिने वाकून मागची जागा न्याहाळली, मग "चल," म्हणाली.

ते मी स्पष्ट ऐकलं. मालक बघत होता, झुरळ बघत होता. मी ब्रेकवर पाय ठेवून तिच्या थापांची वाट बघत थांबलो. पत्र्यावर तिच्या हाताच्या दोन थापा पडल्या, तेव्हा गाडी मागे घेतली.